येझदीचं मागचं चाक एकदाचं जाग्यावर बसलं

आमच्या जुन्या येझदी रोडकिंग मोटरसायकलचं मागचं चाक चढलं मंडळी. हबमधली (चाकाचा मधला गोल भाग) दोन्ही बेअरिंग नवी, त्यांच्या मधला स्पेसर म्हणजे नळी नवी, चाक आणि स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) यांच्या मधले कपलिंग रबर नवे आणि स्प्रॉकेटच्या ड्रमातलं बेअरिंग पण नवं. ज्यांच्याकडे जुनी जावा किंवा येझदी आहे आणि हे काम डोक्यावर आहे त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितोय, विशेषतः स्पेसरबद्दल, कारण बेअरिंग बदलणारे बरेच जण त्याच्याकडे बघतच नाहीत.

गाडी मामांची, सांगलीत गावभागातली. ऑगस्ट 2019 च्या महापुरात घरात पाणी शिरलं तेव्हा ही पण बुडाली. पाणी ओसरल्यावर गाडी धुतली, इंजिनातला गाळ काढला, पण चाकं कोणी उघडली नाहीत आणि मग ती तशीच परसात उभी राहिली. हबमध्ये शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नसते, ते आतच बसतं आणि ग्रीसमध्ये मिसळून त्याचं ताक होतं. जुनी बेअरिंग काढून डिझेलमध्ये धुतली आणि उन्हात धरून रेस (गोळ्या जिच्यात फिरतात ती रिंगची खाच) बघितली तर जिथे जिथे गोळी टेकून राहिली होती तिथे तिथे एक तपकिरी खड्डा, बरोबर गोळ्यांच्या अंतरावर, ओळीने. बाकीची रेस चकचकीत. हाताने फिरवली तर बारीक खरखर लागायची. असं बेअरिंग ग्रीस भरून परत वापरू नका, खड्डा भरून येत नाही, वाढतच जातो.

आता पार्टसचं. आयडियल जावाने म्हैसूरला 1961 ला गाड्या बनवायला सुरुवात केली, 1973 पासून येझदी नाव आलं आणि 1996 ला कारखाना बंद पडला, त्यामुळे ओरिजिनल माल म्हणून जे विकतात त्यात काय निघेल सांगता येत नाही. पण बेअरिंगचं तसं नाही, ती स्टँडर्ड मापाची असतात, जुन्यावरचा नंबर वाचा आणि बेअरिंगच्या दुकानातून तोच आणा. समजा 6203 असेल तर आतलं भोक 17, बाहेरचा व्यास 40, जाडी 12 मिमी, जगात कुठेही गेलात तरी हेच. पुढे 2आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील, झेडझेड म्हणजे पत्र्याची शील्ड. सांगलीचा पाऊस आणि उसाच्या सीझनमधली रस्त्यावरची माती बघता मी रबर सीलवालीच घेतली. आणि बिल घ्या, डुप्लिकेट माल सगळीकडे फिरतोय.

बसवायची पद्धत. हब ॲल्युमिनियमचं, बेअरिंग स्टीलचं, आणि ॲल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं. 40 मिमीचं भोक 80 अंशांनी तापवलं तर साधारण 0.07 मिमी मोठं होतं. बेअरिंग रात्रभर फ्रीझरला ठेवलं (पॅकिंगसकट, नाहीतर बाहेर काढल्यावर दव धरतं) तर ते अजून 0.02 च्या आसपास आक्रसतं. एवढ्यात काम होतं. हीट गनने हब गोल गोल फिरवत तापवलं, पाण्याचा थेंब टाकला, चर्र झाला की बेअरिंग सरळ धरून सोडलं आणि ते स्वतःच्या वजनाने खाली जाऊन टक्क आवाज करून बसलं. तो आवाज ऐकून जे बरं वाटलं ते सांगता येत नाही. ठोकायची वेळ आलीच तर फक्त बाहेरच्या रिंगवर, जुन्या बेअरिंगची रिंग मध्ये धरून. आतल्या रिंगवर हातोडी पडली की सगळा मार गोळ्यांमधून जातो आणि नवीन बेअरिंग लावायच्या आधीच खराब.

आता स्पेसर. दोन बेअरिंगच्या मध्ये जी नळी असते ती नुसती जागा भरायला नसते. ॲक्सलचा (चाकाच्या मधून जाणारा दांडा) नट आवळला की दोन्ही आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात आणि त्यांना तिथेच थांबवणारी ही नळी. ती लांबीला बारकी पडली तर आतल्या रिंगा आत सरकतात, बाहेरच्या हबमध्ये जागच्या जागी, गोळ्या रेसच्या कडेवर चढतात, चाक जड फिरतं, तापतं आणि नवीन बेअरिंग थोड्याच दिवसांत आवाज करायला लागतं. मग लोक बेअरिंगच्या कंपनीला नावं ठेवतात. आमची जुनी नळी पुराच्या पाण्याने टोकाला गंजून खाल्लेली होती, एका बाजूला तर नखाएवढा तुकडाच नव्हता. हबमधलं अंतर डेप्थ व्हर्नियरने एका खांद्यापासून (बेअरिंग टेकतं ती आतली कड) दुसऱ्या खांद्यापर्यंत मोजलं आणि कुपवाड एमआयडीसीतल्या ओळखीच्या टर्नर काकांकडे गेलो. मी विचारलं, काका थोडी बारकी झाली तर चालंल का. काका म्हणाले, "अजिबात न्हाय. बारकी झाली तर बेअरिंग आवळून मरतंय. केसभर मोठी चालंल, पण दोन्ही तोंडं सरळ पायजेत बघ." आणि त्यांनी मापापेक्षा 0.1 मिमी जास्त ठेवून दोन्ही तोंडं लेथवर एकाच सेटिंगमध्ये फेस करून, म्हणजे सपाट कापून दिली.

त्याप्रमाणे एका बाजूचं बेअरिंग खांद्याला पूर्ण टेकवलं, आत नळी घातली, दुसऱ्या बाजूचं नळीला टेकेपर्यंतच बसवलं, पुढे रेटलं नाही. तपासायला ॲक्सल घालून दोन्हीकडे वॉशर लावून नट पूर्ण आवळला आणि चाक फिरवलं. नट ढिला असताना जसं फिरत होतं तसंच. ही टेस्ट गाडीवर चढवायच्या आधी टेबलावरच करा, दोन मिनिटांचं काम आहे.

स्प्रॉकेटची बाजू सोपी गेली. येझदीची गंमत अशी की ॲक्सल ओढला की चाक एकटंच बाजूला येतं, चेन आणि स्प्रॉकेट चेनकेसमध्येच राहतात, त्यामुळे पंक्चर काढताना लोक तिकडे हात लावत नाहीत आणि त्यातलं बेअरिंग वर्षानुवर्षं तसंच. ते पण उघडा. कपलिंग रबर जुने दगड झालेले, नवीन बसवताना साबणाचं पाणी लावलं, ऑइल ग्रीस नाही, त्याने रबर फुगतं. चेन लिंकचा लॉक लावताना बंद तोंड चेन पळते त्या दिशेला.

फायनल आवळायच्या आधी दोन गोष्टी. ब्रेकचं पेडल कुणाला तरी दाबून धरायला सांगा आणि मग ॲक्सल नट आवळा, म्हणजे ब्रेकचे शूज ड्रमच्या बरोबर मध्ये येतात, माझ्याकडे भाच्याने धरलं होतं. आणि चेनचं ढिलेपण गाडीवर कोणीतरी बसलेलं असताना बघा, चाक हळूहळू फिरवत जिथे चेन सगळ्यात टाईट लागते तिथे. स्टँडवर बरोबर वाटणारी चेन माणूस बसल्यावर ताणली जाते आणि तो ताण थेट या नवीन बेअरिंगवर येतो.

पहिली फेरी हरिपूरपर्यंत, संगमेश्वराच्या देवळाजवळ थांबून हबला हात लावला. ड्रमची बाजू ब्रेकमुळे किंचित कोमट, स्प्रॉकेटची बाजू गार. चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवलं, खेळ नाही. येताना चेनकेसमधून हलका सरसर आवाज येत होता तो चेनवरची रबरी नळी चेनला घासत असल्यामुळे, ती सरकवून नीट बसवली आणि गेला. आता पुढचं चाक उघडायचंय, तिथेही ताकच असणार.