तिथी पाहून आक्षीला, पहाटे फणसाडला

आक्षीला पहिल्यांदा गेलो तो अष्टमीचा दिवस होता. अलिबागहून पाचेक किलोमीटर, खाडीचा पूल ओलांडून किनाऱ्यावर पोचायला दहा वाजले. पाणी पार आत गेलेलं आणि पक्षी त्या पाण्याच्या कडेला. दुर्बिणीत नुसते ठिपके, त्यात उन्हाची झळ. संध्याकाळी यजमान काकूंनी विचारलं, "तिथी बघून नाय आलात?"

हिशेब त्यांनीच शिकवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, म्हणजे बाराला पूर्ण सुकती, म्हणजेच ओहोटी. द्वादशीला नऊ. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण बेत आखायला एवढं पुरतं.

या वेळी पौष वद्य द्वादशी धरून गेलो. सातला वाळूवर बसलो आणि हललोच नाही. पाणी चढत गेलं तसे थवे आपणहून जवळ सरकत आले. चिखल्या, तुतवार, मागे कुरव आणि सुरय. लांब वाकड्या चोचीचा एक कोरल तर वीस पावलांवर चिखलात चोच खुपसत होता. सूर्य पाठीशी असल्याने पायांचे रंगसुद्धा स्वच्छ दिसले. इथे सकाळच गाठावी, दुपारनंतर ऊन समोरून येतं.

साडेआठला एक मोटारसायकल वाळूवरून सुसाट गेली आणि सगळा थवा उठला. फार वाईट वाटलं. यातले काही चिखल्या लडाख-तिबेटच्या पठारांवर वीण उरकून आलेले असतात, आणि परतीच्या प्रवासाची चरबी त्यांना याच चिखलावर जमवायची असते. तेव्हा कृपा करून फोटोसाठी थव्यात चालत जाऊ नका. सुरूच्या बनाच्या कडेला बसा, पक्षी येतात.

दुसऱ्या दिवशी फणसाड. रेवदंड्याचा पूल ओलांडून सुपेगावच्या बाजूने. एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं रान, १९८६ पासून अभयारण्य. दाट रानात फिरून पक्षी दिसत नाहीत, पाणवठा गाठावा. त्याला इथे 'गाण' म्हणतात. स्थानिक वाटाड्या घ्याच, गाणीची वाट आणि बसायची जागा त्यालाच ठाऊक असते. आम्ही उजाडताना जाऊन दोन तास बसलो. पाचू कवडा पाण्यावर आला, स्वर्गीय नर्तकाने तीन बुड्या मारल्या. वर शेकरू ओरडतंय म्हणून माना वर केल्या, तर वाटाड्या हसून म्हणाला, "भृंगराज पक्षी आहे तो, नक्कल करतोय." खरं शेकरू दिसलं ते परतताना, आंब्यावर.

ऑक्टोबर ते मार्च हा आक्षीचा हंगाम. गाणीवर मात्र एप्रिल-मेमध्ये पक्ष्यांची जास्त गर्दी होते, कारण बाकीचं पाणी तोवर आटलेलं असतं. कपडे मातकट रंगाचे घाला आणि आक्षीला चपला जुन्याच न्या, तो चिखल निघत नाही.