येझदीचं इंजिन बांधताना सील विसरू नका

येझदी 250 बनवणारा म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला, तरी विदर्भात अजून कितीतरी गोठ्यांत ताडपत्रीखाली ही गाडी उभी आहे. ती चालू करायची म्हणून बहुतेक वेळा हाफ इंजिन करतात: सिलिंडरला बोअर मारला, पिस्टन-रिंगा टाकल्या, झालं. मग एप्रिलच्या उन्हात अकोट-दर्यापूर रस्त्यावर पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्येच जाम होतो, आणि दोष पिस्टनवर जातो.

खरा दोष बहुधा क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या फिरत्या शाफ्टच्या, दोन्ही बाजूंच्या ऑइल सीलचा असतो. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत सीलचं रबर कडक होतं. डायनमोकडचं, म्हणजे उजवं सील गेलं की इंजिन तिथून हवा ओढतं, मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी होतं, प्लग पांढरा पडतो आणि इंजिन तापतं. डावं गेलं तर गिअर ऑइल आत ओढलं जातं. पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइल मात्र कमी होत जातं. म्हणून क्रँककेस, म्हणजे क्रँकभोवतीचं कवच, उघडाच.

पिस्टनला क्रँकशी जोडणारा रॉड धरून सरळ वर-खाली ओढा. जरा जरी टक्कन वाजलं तर बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँककडचं बेअरिंग, गेलं. आडवा थोडा प्ले असतोच, त्याला घाबरू नका. क्रँक प्रेस करून आणली की लेथवाल्याकडून डायल गेज लावून दाखवून घ्या, 0.03 मिमीपेक्षा जास्त वाक नको. बेअरिंग हातोडीने ठोकू नका, अ‍ॅल्युमिनियमची बैठक खराब होते. केस शेगडीवर एवढी तापवा की पाण्याचा थेंब चर्रकन उडेल, बेअरिंग आपोआप बसतं. सीलची स्प्रिंगची बाजू क्रँककडे. शाफ्टवर जुन्या सीलने खाच पाडली असेल तर नवं सीलही गळणार.

सिलिंडरचा मूळ बोअर, म्हणजे आतला व्यास, 65 मिमी. आधी ओव्हरसाइज पिस्टन हातात घ्या, मगच त्याच्या मापाने बोअर मारा. बोअरनंतर पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या, कडांवरून नख फिरवा. अडकलं तर रिंगही अडकून तुटेल, कडा हलक्या घासायलाच हव्यात. रिंग एकटी बोअरमध्ये सरळ बसवून फिलर गेजने तिच्या टोकांमधला गॅप बघा, 0.25 ते 0.30 मिमी चांगला. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. पिस्टनची पिन अडवणारी सर्कलिप नेहमी नवीनच, आणि ती बसवताना क्रँककेसच्या तोंडावर फडकं टाका.

डायनमो आणि कव्हर लावण्याआधी एक तपासणी कराच. कार्बोरेटर व दोन्ही सायलेन्सरची तोंडं रबर आणि पत्र्याने बंद करा, प्लगच्या जागी नळी लावून बीपी मशीनच्या फुग्याने काटा 250 (मिमी पारा) वर जाईपर्यंत हवा भरा. काटा पाच मिनिटं स्थिर राहिला पाहिजे. उतरला तर साबणाचं पाणी सील, जोड आणि पॅकिंगवर लावा, बुडबुडे जागा दाखवतील.

इग्निशनच्या पॉइंटचा गॅप 0.4 मिमी. पहिले 500 किलोमीटर पेट्रोलच्या लिटरला 50 मिली टू-स्ट्रोक ऑइल, नंतर 40. तेवढे दिवस गाडी सकाळीच काढा, दुपारी नको.