पीळ

नोव्हेंबर २०२३ मधला गुरुवार. संध्याकाळी सहाच्या आत मला पुण्याला एक मेल पाठवायचा होता. जनावरांची औषधं आणि खाद्यपूरकं बनवणाऱ्या कंपनीत टेक्निकल मॅनेजरची जागा, वर्षाला चौदा लाख, वर गाडी. दूध संघ मला तेव्हा महिन्याला शेहेचाळीस हजार देत होता. कंपनीच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं होतं, "सर, सहापर्यंत होकार आला नाही तर पुढच्या उमेदवाराला कळवावं लागेल."

मी होकारच लिहून ठेवला होता. सकाळीच. फक्त पाठवायचं बटण दाबायचं बाकी होतं, आणि ते का बाकी ठेवलं होतं हे मला विचारू नका. बायकोनं विचारलं होतं, तेव्हाही सांगता आलं नाही.

अडीचच्या सुमाराला फोन आला. पंढरपूर तालुक्यातलं, भीमेच्या काठचं गाव. "डाक्टर, म्हस अडलीया. कालच्या दुपारधरनं कळा देत हुती, आता गपगार पडलीया." आवाज एका म्हाताऱ्या आक्कांचा. मुलगा इचलकरंजीला यंत्रमागावर, घरी त्या, सून आणि तीन म्हशी. मी विचारलं, पाणमोट फुटली का? "न्हाई बगा. काईच दिसंना." कास भरून आली होती का? "आलती, आता उतरल्यागत वाटतीया."

एवढं ऐकलं आणि पोटात खड्डा पडला. कळा येऊन थांबल्या, पाणमोट नाही, कास मागे सरली, म्हणजे बहुतेक गर्भाशयाला पीळ. भरलेल्या पिशवीचं तोंड आपण पिळून बंद करतो ना, तसं. म्हशींमध्ये हा प्रकार गाईंपेक्षा बराच जास्त दिसतो आणि बहुतेक वेळा पीळ उजवीकडेच असतो. वाट आवळली जाते, रक्तपुरवठा तुटत जातो, पारडू आत गुदमरतं. दीड दिवस उलटला की म्हशीचंही काही खरं नसतं. इथं चोवीस तास होऊन गेले होते.

पोचलो तेव्हा गोठ्यात आठ-दहा माणसं आधीच उभी. गावातल्या एका जाणत्यानं दोनदा हात घालून बघितला होता, "वाट घावत न्हाई" म्हणून सोडून दिलं होतं. प्रामाणिक माणूस, नाहीतर ओढाओढी करून पिशवी फाडणारेही भेटतात. म्हैस पंढरपुरी, तलवारीसारखी शिंगं थेट खांद्यामागे गेलेली, डोळे खोल. मी शर्ट काढला, हात कोपराच्या वरपर्यंत धुतला आणि आत घातला. लांब प्लॅस्टिकचे मोजे पेटीत होते. वापरायला हवेत हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. २०१९ मध्ये मला ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांकडून माणसाला लागणारा रोग, झाला होता. व्याल्यानंतरची वार काढताना हातावरच्या ओरखड्यातून शिरला असावा. ताप चढायचा, उतरायचा, सांधे ठणकायचे. सहा आठवडे दोन-दोन अँटिबायोटिकं. तरीही पीळ चाचपताना मी मोजा घालत नाही. प्लॅस्टिकमधून बोटांना कळत नाही. हा शहाणपणा नव्हे, हे मला मान्य आहे.

आत गोल जिन्यासारख्या घड्या लागल्या. बोटं त्या घड्यांबरोबर आपोआप वळत गेली. उजवीकडे. पीळ पुरा होता, पारडापर्यंत हात पोचेना.

"आक्का, हिला लोळवावं लागेल."

"लोळवा की. पर जगंल न्हवं?"

"म्हशीचं बघू. पारडाचं सांगत नाही."

पद्धत ऐकायला विचित्र आहे. ज्या बाजूला पीळ, त्या कुशीवर जनावर पाडायचं, वरच्या कुशीवर दहा-बारा फुटी फळी ठेवायची, फळीचं एक टोक जमिनीवर, त्यावर माणूस उभा करायचा आणि जनावर पिळाच्याच दिशेनं लोळवायचं. फळीच्या दाबानं आतली पिशवी जागेवर राहते आणि बाकीची म्हैस तिच्याभोवती फिरून पीळ सुटतो. म्हणजे गाठ सोडवायला दोर धरून ठेवायचा आणि खुंटी फिरवायची. शेफर नावाच्या माणसाच्या पद्धतीत आपल्याकडच्या शिक्षकांनी म्हशींसाठी सुधारणा केली आणि आम्ही शिरवळच्या कॉलेजात ती शिकलो. वहीत चित्र काढलं होतं. चित्रातल्या म्हशीला शिंगं नव्हती.

पंढरपुरी म्हशीला असतात, आणि लोळवताना ती जमिनीत रुतली तर मान मोडते. म्हणून एक माणूस फक्त डोक्यासाठी. जाणत्यालाच मी ते काम दिलं. शेजारच्या बांधकामावरून सेंटरिंगची फळी आली. उसाचं पाचट अंथरलं, सलाईन लावून घेतलं, दोरानं म्हैस उजव्या कुशीवर पाडली. फळीवर कोण उभं राहणार यावर थोडा वाद झाला. शेवटी आक्कांची सून पुढं आली. तिचं वजन बेताचं होतं, पण मी "पाय थोडा पुढं सरकवा" म्हटलं की ती सरकायची, आणि पुरुष मंडळी तोवर मला सल्ले देत होती.

पहिल्या लोळवणीनंतर हात घातला. तसाच. म्हशीला परत मूळ कुशीवर आणलं, दुसरी लोळवण. घड्या किंचित सैल वाटल्या, की मलाच तसं वाटावंसं वाटत होतं? चौथीपर्यंत सुटला नाही तर पोट फाडायचं, गोठ्यात, बॅटरीच्या उजेडात, असं मी मनाशी ठरवलं. सूर्य खाली गेला होता. तिसऱ्या वेळी फळी जरा मागे घेतली, सुनेला सांगितलं की मी म्हणेपर्यंत हलायचं नाही, आणि म्हैस पूर्वीपेक्षा सावकाश फिरवली.

हात आत गेला तो सरळ गेला. घड्या नव्हत्या. अडकलेलं पाणी भसकन कोपरावरून, छातीवरून, पँटीवरून वाहिलं. मी काहीतरी ओरडलो. काय, ते आठवत नाही, आक्का नंतर म्हणाल्या, "डाक्टर, तुमी शिवीच दिलीसा."

त्या क्षणाबद्दल मी खूपदा विचार केला आहे. दुसरं कुठलंही काम करताना मला असं झालेलं नाही. पदवी मिळाली तेव्हा नाही, घराचा ताबा मिळाला तेव्हाही नाही.

पुढचं सोपं होतं आणि वाईट होतं. पुढच्या पायांना दोर लावून पारडू काढलं. रेडी होती, अंगानं भरलेली, मेलेली. म्हैस मात्र अर्ध्या तासात उठली आणि पाण्याची बादली तिनं एका दमात संपवली.

मी हात धुतोय तोवर सून दबक्या आवाजात म्हणाली, "पान्ह्याचं इंजक्शन देता का?" तिचं चुकत नव्हतं. पारडू मेलेली म्हैस सहजी पान्हा सोडत नाही, आणि घरचं दुधाचं बिल या एका म्हशीवर चाललेलं. पूर्वी मेलेल्या पारडाच्या कातड्यात भुसा भरून म्हशीपुढे उभं करायचे. आता त्याच इंजेक्शनच्या, ऑक्सिटोसिनच्या, बिनलेबलच्या बाटल्या गोठ्यागोठ्यात मिळतात. मी नाही म्हणालो आणि नाही म्हटल्यावर निघून जाणं मला पटेना. मग आंबोण समोर ठेवलं, कोमट पाण्यानं कास धुतली आणि आम्ही दोघं आळीपाळीनं कास चोळत बसलो. रोज एकाच माणसानं, एकाच वेळी, एकाच जागी, आवाज न करता, एवढंच तंत्र. आठ-दहा दिवस लागतात, कधी जमत नाही. त्या दिवशी पाऊणएक तासानं चार धारा आल्या. घट्ट, पिवळा चीक. सून हसली नाही, नुसतं तांब्यात बघत राहिली.

दीडशे रुपयांची संघाची पावती फाडली. मोबाईल गाडीच्या डिकीत होता. आठ वाजून गेले होते.

खरं सांगतो, मला हलकं वाटलं. म्हशीनं निर्णय घेऊन टाकला होता. सहा वाजता माझा हात कुठं होता हे कंपनीला सांगितलं तर त्यांनाही हसू आलं असतं. रस्ताभर मी ही गोष्ट लोकांना कशी सांगायची ते मनात घोळवत आलो.

घराच्या दारात पोचलो तेवढ्यात कंपनीच्या बाईंचा फोन. "सर, मेल आला नाही तुमचा. काही हरकत नाही, ते सहा वाजता वगैरे असं काही नसतं. उद्या बारापर्यंत पाठवा."

झालं. म्हैस सुटली, मी पुन्हा अडकलो.

रात्री जेवताना बायकोला सगळं सांगितलं. फळी, सून, चार धारा. तिनं ऐकून घेतलं. ती इथल्या एका शाळेत बारा हजारांवर शिकवते, मुलगी पुढच्या वर्षी अकरावीत, घराचे हप्ते अजून नऊ वर्षं. हे तिनं मोजून दाखवलं नाही, मला पाठ आहे. ती एवढंच म्हणाली, "अहो, नाही म्हणायचंय तर तुम्ही म्हणा. म्हशीवर ढकलू नका. मागच्या वर्षी लम्पीत तुम्ही तीनदा राजीनामा लिहिलात, तेव्हा कुठं होती ही म्हैस?"

खरंच होतं. २०२२ च्या लम्पीत शेळ्यांच्या देवीची लस टोचत गावोगाव फिरलो, अंगभर गाठी आलेल्या गाई डोळ्यांदेखत गेल्या. गाईमागे तीस हजार, बैलामागे पंचवीस, वासरामागे सोळा अशी सरकारी मदत होती, आणि तिच्या पंचनाम्यांसाठी लोक हात जोडून उभे राहायचे. तेव्हा मला हे काम अजिबात आवडत नव्हतं. आवडीचं काम म्हणजे रोज आवडणारं काम, असं जे समजतात त्यांनी एक आठवडा माझ्या गाडीवर मागे बसावं.

मग का नको म्हणालो? रात्री पडल्या पडल्या कंपनीतला एक दिवस डोळ्यांपुढं आणून बघितला. सोलापूर नाहीतर संभाजीनगरचं हॉटेल, समोर चाळीस डॉक्टर, पडद्यावर कॅल्शियमचा आलेख. त्यात वाईट काही नाही. ते कॅल्शियम मीच वापरतो. पण शेवटी कुणीतरी उठून विचारणार, "सर, पिळाच्या केसमध्ये?" आणि मी स्लाइड दाखवणार. पाच वर्षांनी माझ्या बोटांना त्या घड्या ओळखू येणार नाहीत. मला भीती त्याची वाटली. यात त्याग वगैरे नाही, उलट थोडा स्वार्थच आहे, आणि त्याची किंमत मी एकटा भरत नाही हेही मला कळतं.

सकाळी साडेदहाला नकार पाठवला. बायकोनं दोन अटी घातल्या: उजव्या खांद्याचा एमआरआय, आणि संघाकडे पगारवाढीचा लेखी अर्ज. खांद्यात एक स्नायू थोडा फाटलेला निघाला. पगार चार हजारांनी वाढला, तोही सहा महिन्यांनी.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच कंपनीचा माणूस आमच्या संघात कार्यक्रमाला आला. माझ्याच कॉलेजचा, सहा-सात वर्षांनी मागचा. बोलला छान, कपडे चांगले होते, आलेखही चांगला होता. चहाच्या वेळी तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, तुम्ही अजून पीळ सोडवता असं ऐकलं. मी इंटर्नशिपमध्ये एकदाच बघितला होता. पुढची केस आली की मला फोन कराल? मी गाडी काढून येतो."

नंबर घेतला. त्यानंतर दोन केसेस आल्या, एक रात्री अकराला, एक पहाटे. दोन्ही वेळा त्याची आठवण झाली, पण पुण्याहून माणूस येईपर्यंत थांबायला म्हशींकडं वेळ नव्हता.