नव्या इलेक्ट्रिक गिटारचं सेटअप, जळगावच्या मे महिन्यात: झणझण आधी की भुणभुण?

गिटार: २५.५ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी, ६४८ मिमी), २२ फ्रेट (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या पट्ट्या), मेपलचा नेक (मान), दोन सिंगल कॉइल आणि ब्रिजपाशी हंबकर (दोन्ही पिकअपचे, म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणाऱ्या चुंबकांचे प्रकार), ट्रेमोलो ब्रिज (तारांचं खालचं टोक धरणारा, स्प्रिंगांवर हलणारा), तारा ०९-४२ (सर्वात बारीक ०.००९ इंच, सर्वात जाड ०.०४२). खोक्यातून बाहेर काढल्यावरची स्थिती: पहिल्या चार-पाच फ्रेटवर जाड तारा झणझणतात, 'जी' (G) तार मोकळी वाजवली की चरचरते, चौदाव्या फ्रेटच्या आसपास 'बी' (B) तारेचा आवाज दबतो, आणि ॲम्प लावला की भुणभुण.

पहिली चाचणी फुकटची आहे: ॲम्प बंद ठेवून वाजवायचं. आवाज तसाच आला तर दोष तारेत, फ्रेटमध्ये किंवा एखाद्या सैल स्क्रूत. तारा हाताने दाबून गप्प केल्या तरी ॲम्पमधून आवाज येत राहिला तर तो विजेचा. दोन्हींचा इलाज वेगळा, म्हणून आधी ही वाटणी. आणि जोरात पिक मारल्यावर नुसत्या कानाला जाणवणारी पण ॲम्पमधून न येणारी हलकी झणझण सोडून द्यावी. ती घालवायच्या नादात ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) वाढते आणि बोटं बोंबलतात.

मापं घेण्याआधी ज्या तारा कायम लावायच्या त्या लावून, ओढून, नेहमीच्या सुरात आणल्या. ट्रेमोलो असल्यामुळे मागच्या स्प्रिंगांच्या स्क्रूने ब्रिजची मागची कड बॉडीपासून साधारण ३ मिमीवर ठेवली. उद्या ०९ ऐवजी १० च्या तारा घातल्या तर ब्रिज उचलला जाईल, तेव्हा हे स्क्रू परत आवळावे लागतील.

रिलीफ म्हणजे नेकचा पुढचा बाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून ठेवणारा चिमटा), जाड ई सतराव्या फ्रेटवर दाबलेली, आणि सातव्या-आठव्या फ्रेटच्या डोक्यापासून तारेपर्यंतची फट फिलर गेजने मोजायची. गिटार वाजवताना धरतो तशीच धरावी, टेबलावर आडवी नको. गेजसाठी ऑनलाइन खर्च करू नका, बाइकचे टॅपेट सेट करायचं गेज ऑटो स्पेअर्सच्या दुकानात मिळतं, तेच चालतं. फट निघाली जेमतेम ०.०५ मिमी, म्हणजे नेक जवळजवळ सरळ. खालच्या फ्रेटवरच्या झणझणीचं कारण इथेच सापडलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात आणि हवा कोरडी ठाक असते. लाकूड सुकलं की बहुतेक नेक सरळ होतात किंवा मागे झुकतात, दमट हवेत पुढे वाकतात. फ्रेटची टोकं बोटाला टोचू लागली असतील तर तेही फिंगरबोर्ड आकसल्याचंच लक्षण.

नेक सरळ असेल तर ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई) सोडायचा, आवळायचा नाही. घड्याळाच्या उलट दिशेने अष्टमांश फेरा, तारा परत सुरात, थोडं थांबून परत माप. एकूण पाव फेऱ्यात ०.२० मिमी मिळाला. ०.२० ते ०.२५ पुरे. ॲलन की मात्र मापाचीच हवी: आशियाई कारखान्यांतल्या बऱ्याच गिटारना ४ किंवा ५ मिमी, अमेरिकी मापाच्या गिटारना १/८ किंवा ३/१६ इंच. सैल की घातली की रॉडच्या डोक्याचे कोपरे घासतात, आणि मग दुरुस्ती गिटारच्या किमतीला भिडते.

यानंतरच ॲक्शन. बाराव्या फ्रेटवर जाड ई १.९ मिमी, बारीक ई १.६ मिमी, मधल्या तारा फिंगरबोर्डच्या गोलाईप्रमाणे. सॅडलच्या (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याच्या) बारीक स्क्रूला १.५ मिमी की लागते, अमेरिकी मापात ०.०५ इंच. दोन्ही दिसायला सारख्या, म्हणून गल्लत होते. प्रत्येक सॅडलचे दोन्ही स्क्रू टेकलेले आहेत ना ते पाहावं. एक जरी लटकत राहिला तरी तो स्वतःच थरथरतो आणि आपण उगाच फ्रेटकडे संशयाने बघतो.

बी तारेची तक्रार एकाच जागेची होती, म्हणून तिला रिलीफ-ॲक्शनचं औषध लागू नाही. तीन फ्रेटवर टेकेल एवढी स्टीलची सरळ पट्टी ठेवली, ती पंधराव्यावर डुलली. म्हणजे पंधरावा फ्रेट उंच, आणि चौदाव्यावर दाबलेली तार त्यालाच घासत होती. कानशीला हात लावण्याआधी फ्रेट दाबून पाहिला: एक टोक खाचेतून उचललेलं होतं. प्लॅस्टिकच्या हातोडीने हलकेच बसवला, टोकाशी पातळ सुपरग्लूचा एक थेंब, आजूबाजूला चिकटपट्टी. डुलणं थांबलं.

जीची चरचर नटची (नेकच्या टोकाची, तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी). तिसऱ्या फ्रेटवर दाबल्यावर पहिल्या फ्रेटवर केसभर फट हवी, तेवढी होती, म्हणजे खाच खोल नाही. खाचेचा उतारच उलटा होता. तारेचा शेवटचा टेकू फिंगरबोर्डकडच्या कडेला असावा आणि तिथून खाच हेडस्टॉककडे (खुंट्यांच्या बाजूला) उतरावी. ती कड आधीच उतरली की तार सपाट जागेवर घासत वाजते आणि सतारीसारखी जवारी लागते. तानपुऱ्यात तिच्यासाठी घोडीवर दोरा सरकवतात, इथे ती नको. तारेच्या जाडीची नट फाइल फक्त हेडस्टॉकच्या बाजूने दोन-तीन हलके हात, मग पेन्सिलीचं शिसं. खाच खोल गेली असेल तर सुपरग्लू आणि खाण्याच्या सोड्याने भरता येते, पण ते तात्पुरतं. खरा इलाज नवा नट.

इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येणं) नेहमीचंच: बाराव्यावर दाबलेला सूर तिथेच नुसतं बोट टेकवून काढलेल्या हार्मोनिकपेक्षा चढा असेल तर सॅडल मागे. पिकअपची उंची शेवटचा फ्रेट दाबून: सिंगल कॉइल जाड बाजूला २.४, बारीक बाजूला २ मिमी. त्याहून जवळ आणले की चुंबक तार ओढतात आणि जाड ईचा वरचा सूर डगमगतो.

आता भुणभुण. तारांना हात लावला तरी फरक नव्हता, जॅकच्या धातूला लावला की कमी व्हायची. म्हणजे ब्रिजची अर्थ वायर तुटलेली. केबल काढून मल्टिमीटर २०० ओमवर: ब्रिज ते जॅकची बाहेरची कडी एक-दोन ओमच्या आत हवं, इथे जोडच नाही. ही वायर जिथे जोडतात त्या स्प्रिंगच्या पट्टीवरचं सोल्डर नुसतं चिकटलेलं होतं. ती पट्टी उष्णता पिऊन टाकते, २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने सोल्डर वितळतं पण धरत नाही. पॉलिश पेपरने घासून, रोझिन लावून ६० वॉटने जोडली. बाहेरची भुणभुण अडवायला वायरिंगच्या पोकळीत कॉपर टेप लावला. टेपचा गोंद वीज वाहत नाही, म्हणून प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा ठिपका. टेप जॅकच्या टिपेला टेकला तर गिटार मुकी होते, तिथे इन्सुलेशन टेप.

उरलेला आवाज घरातला. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडी दिवे, लॅपटॉपचा चार्जर एकेक बंद करून पाहा. लोडशेडिंगमध्ये स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ॲम्प खरखरणारच. सॉकेटमध्ये न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं, फेज-अर्थ जवळजवळ फेज-न्यूट्रलइतकं. नसेल तर वायरमनला बोलवा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, कोळसा-मिठाच्या खड्ड्यात पाणी ओतलं की बऱ्याचदा सुधारतं. भुणभुण घालवायला अर्थची पिन कापण्याचा जुगाड कुणी सांगितला तर ऐकू नका, ॲम्पच्या बॉडीत करंट उतरला तर तो तारांमधून हातात येतो.

बाकी राहिलेलं: गिटार कूलरच्या झोताबाहेर, केसमध्ये. पाऊस बसला की रिलीफ परत मोजायचा आणि ०.३० च्या वर गेला तर अष्टमांश फेरा आवळायचा. पंधराव्या फ्रेटचं टोक तेव्हा पुन्हा पट्टीने तपासायचं.