महानगराचा नकाशा : खरी गोम छेदात

लोकसंख्येची घनता म्हणजे माणसं भागिले क्षेत्रफळ. अंशातला आकडा जनगणनेच्या तक्त्यातून येतो आणि त्यावर सहसा वाद होत नाही. पण छेदात कोणतं क्षेत्रफळ घ्यायचं, कोणत्या वर्षाची हद्द धरायची आणि टक्केवारी काढताना कोणती माणसं मोजायची, हे नकाशा करणाऱ्यालाच ठरवावं लागतं. माझा निम्म्याहून जास्त वेळ या छेदावरच जातो.

सुरुवात हद्दीपासून करायची. महापालिकेची हद्द तयार मिळते, म्हणून तीच घ्यायचा मोह होतो. पॅरिस शहराची हद्द जेमतेम १०५ चौरस किलोमीटर आणि वस्ती २० लाखांच्या थोडी वर. सलग बांधकामाचा पट्टा धरला की हीच वस्ती १ कोटीच्या पुढे जाते. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२० मध्ये मान्यता दिलेली पद्धत मला यासाठी सोयीची वाटते. प्रदेशावर १ चौरस किलोमीटरचे चौकोन टाकायचे. चौरस किलोमीटरला किमान १,५०० वस्ती असलेले एकमेकांना लागून असलेले चौकोन एकत्र करायचे आणि त्या पुंजक्याची एकूण वस्ती किमान ५०,००० भरली, की ते नागरी केंद्र. मग आजूबाजूच्या ज्या भागांतले किमान १५ टक्के नोकरदार या केंद्रात कामाला येतात, ते भाग त्याला जोडायचे. ही १५ टक्क्यांची अट ओईसीडी (मुख्यतः विकसित देशांची आर्थिक संघटना) आणि युरोपीय संघाची. अमेरिकेत हाच उंबरठा २५ टक्के आहे. दोन देशांतली महानगरं शेजारी ठेवण्याआधी हा फरक पाहिला नाही, तर तुलना तिथेच फसते.

हद्द ठरली की जनगणनेचा तक्ता आणि नकाशा प्रभागाच्या कोडवरून जोडायचे. मी क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर वापरतो, पण अडचण कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये सारखीच येते. प्रभागाचा कोड नकाशात ००७३१२ असतो आणि तक्त्याची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) स्प्रेडशीटमध्ये उघडून सेव्ह केली की तोच ७३१२ होतो. जोड लागत नाही, लेयर (नकाशाचा थर) पांढरी राहते. कोडचा स्तंभ उघडतानाच मजकूर म्हणून घ्यावा. शून्यं गेलीच असतील, तर एलपॅड फंक्शनने डावीकडे शून्यं भरून सहा अंक पुरे करून घ्यावेत. कोड १५ अंकांपेक्षा लांब असेल तर आणखी वाईट : स्प्रेडशीट शेवटचे अंक शून्य करून टाकते आणि ते परत मिळवता येत नाहीत. नावावरून जोड लावायच्या फंदात पडूच नये. एकाच नावाची दोन गावं निघतात, स्पेलिंग बदलतं, शेवटी एखादी मोकळी जागा चिकटलेली असते. जोडल्यानंतर न जुळलेल्या ओळी दोन्ही बाजूंनी मोजायच्या. शंभरात तीन ओळी सुटल्या तर नकाशा दिसायला ठीकच दिसतो, धोका तोच आहे. शिवाय शेपफाइल या नकाशाच्या जुन्या फाइल-प्रकारात स्तंभाचं नाव १० अक्षरांवर कापलं जातं, त्यामुळे पुरुष आणि स्त्रियांचे स्तंभ एकसारखे दिसायला लागतात. जिओपॅकेज या नव्या फाइल-प्रकारात ही कटकट नाही.

आता क्षेत्रफळ. प्रोजेक्शन म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची रीत. वेबवरच्या नकाशांचं प्रोजेक्शन (त्याचा क्रमांक ईपीएसजी ३८५७) क्षेत्रफळ फुगवतं : २० अंश अक्षांशावर सुमारे १३ टक्क्यांनी, ४५ अंशांवर दुप्पट, ६० अंशांवर चौपट. म्हणजे घनता त्याच पटीत खाली येते. त्या भागाच्या यूटीएम झोनमध्ये (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून केलेलं प्रोजेक्शन) किंवा क्षेत्रफळ जसंच्या तसं राखणाऱ्या समक्षेत्र प्रोजेक्शनमध्ये लेयर आधी बदलून घ्यायची आणि मगच क्षेत्रफळाचा स्तंभ काढायचा. पडताळा सोपा आहे : एखाद्या प्रभागाचं अधिकृत क्षेत्रफळ ठाऊक असेल तर आपल्या आकड्याशी ताडून पाहावं.

सगळ्यात जास्त चुका दोन जनगणनांची तुलना करताना होतात, कारण मधल्या काळात प्रभागांच्या हद्दी हललेल्या असतात. नेहमीचा उपाय म्हणजे क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटणी. समजा जुना प्रभाग १२ चौरस किलोमीटरचा, वस्ती ६०,०००. त्यातले ३ चौरस किलोमीटर नव्या प्रभागात गेले. दोन्ही लेयर एकमेकांवर ठेवून सामाईक तुकडा काढला, तुकड्याचं क्षेत्रफळ जुन्या क्षेत्रफळाने भागलं, वस्तीने गुणलं, की १५,००० माणसं नव्या प्रभागात जातात. हिशेब चोख आहे. पण ते ३ चौरस किलोमीटर म्हणजे तलाव आणि त्याभोवतीचं जंगल असेल, तर आपण १५,००० माणसं पाण्यात बसवली. म्हणून वाटणीआधी पाणी, जंगल, विमानतळ, मोठे कारखाने वजा करायचे, किंवा इमारतींच्या ठशांच्या (त्यांनी जमिनीवर व्यापलेल्या जागेच्या) क्षेत्रफळावर वाटणी करायची. मग जुन्या प्रभागाचे सगळे ६०,००० उरलेल्या ९ चौरस किलोमीटरमध्येच राहतात आणि घनता ५,००० वरून ६,६६७ वर जाते. शेवटी वाटणीआधीची आणि नंतरची एकूण बेरीज जुळलीच पाहिजे. जुळली नाही तर कुठेतरी तुकडे एकमेकांवर चढलेत किंवा हद्दीलगत चिरा राहिल्यात, क्यूजीआयएसच्या ‘टोपॉलॉजी चेकर’ने त्या जागा शोधून हद्दी दुरुस्त कराव्या. अशी वाटणी फक्त मोजलेल्या आकड्यांची होते. मध्यक वय (ज्याच्या वर निम्मी आणि खाली निम्मी माणसं असतात ते वय) किंवा टक्केवारी या रीतीने वाटता येत नाही.

वर्ल्डपॉप किंवा जीएचएस-पॉप या जगभरच्या वस्तीच्या तयार माहितीसंचांचे १०० मीटरचे रास्टर (छोट्या चौकोनांत वस्ती मांडलेले नकाशे) इथे कामी येतात, पण त्यांतला प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चौकोन, अंदाजाचा असतो. मूळ जनगणना प्रभागस्तरावरची असेल, तर गल्लीगल्लीतला फरक त्यातून वाचू नये. प्रभागाची वस्ती काढताना झोनल स्टॅटिस्टिक्समध्ये (हद्दीत येणाऱ्या पिक्सेलचा हिशेब करणारं साधन) सरासरी नको, बेरीज निवडा. रास्टरचं प्रोजेक्शन बदलताना बायलिनिअर रिसॅम्पलिंग केलं, म्हणजे शेजारच्या पिक्सेलची सरासरी काढून नवे पिक्सेल भरले, तर एकूण माणसंच बदलतात.

टक्केवारीतही छेद चकवतो. एका प्रभागात २,००० घरं, त्यांतल्या ९० टक्क्यांना नळजोड. शेजारी १८,००० घरं, ६० टक्क्यांना. सरासरी ७५ काढली की चुकलं. एकूण २०,००० घरांपैकी १२,६०० घरांना नळ आहे, म्हणजे ६३ टक्के. व्यापारी भागात घोळ वेगळाच असतो. जनगणना रात्रीच्या मुक्कामाची माणसं मोजते, तर कार्यालयांच्या भागात दिवसा त्याच्या कितीतरी पट माणसं असतात. तिथे अपघात दर लाख रहिवाशांमागे मांडले तर तो भाग उगाच भयंकर दिसतो. अशा वेळी छेदात कामावर येणाऱ्यांची संख्या घ्यावी, नाहीतर तो भाग राखाडी ठेवून द्यावा.

एककाचा आकार बदलला तरी उत्तर बदलतं, हे गेल्के आणि बील या संशोधकांनी १९३४ मध्येच दाखवलं होतं : छोटे गट एकत्र करून मोठे केले की सहसंबंधाचा (दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात याचा) आकडा वाढत जातो. म्हणून निष्कर्ष लिहिण्याआधी तोच हिशेब मी प्रभागावर आणि चौकोनांवर, असा दोनदा करून पाहतो. दोन्हीकडे टिकला तरच लिहितो.

रंगांचं काम त्यामानाने सोपं. पाच वर्ग पुरतात. दोन वर्षांचे नकाशे शेजारी ठेवायचे असतील तर वर्गांच्या मर्यादा स्वतः ठरवून दोन्हीकडे त्याच ठेवाव्या, नाहीतर सॉफ्टवेअर प्रत्येक नकाशाला वेगळ्या मर्यादा देतं आणि वाचणाऱ्याला नसलेली वाढ दिसते. ‘शून्य’ आणि ‘माहिती नाही’ यांना कधीही एकच रंग देऊ नये. नकाशाच्या रंगसूचीखाली एक ओळ मी हमखास लिहितो : भागाकार कशाने केला, हद्द कोणत्या वर्षाची आणि काय वजा केलं.