धूळ खाणारी मंडळी

आमच्या घरात चौघं जेवतात आणि सतरा वस्तू धूळ खातात. परवा मोजल्या. 'धूळ खात पडणं' हा वाक्प्रचार ज्याला सुचला, त्याच्या हॉलमध्ये उघड्या फळ्या असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

सहा वर्षांपूर्वी आमच्या हॉलमधल्या उघड्या फळ्या करून घेताना सुतारानं विचारलं होतं, "ताई, काचेची शटरं लावायची ना?" मी नको म्हटलं. मला सगळं कसं मोकळं, हाताशी हवं होतं. त्यानं नुसती मान डोलावली आणि टेप खिशात टाकली. त्या डोलावण्याचा अर्थ मला पुढच्या मार्चमध्ये कळला. त्यात सनमायका मीच पसंत केलेला, गडद अक्रोडी. धूळ पांढऱ्या फळीवरही तेवढीच बसते, पण ती तिथे निदान झाकली जाते.

पुण्यात कुठेही राहा, समोर एक इमारत पडत असते नाहीतर चढत असते. आमच्या समोरची चढते आहे. पण सगळं तिच्या माथी मारता येत नाही. घरातली धूळ बरीचशी घरचीच: चादरी-टॉवेलांचे तंतू, पायाला लागून आलेली माती आणि आपल्याच कातडीचा कोंडा. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून कवडसा पडतो तेव्हा हा सगळा ऐवज तरंगताना दिसतो. आठ फूट उंचीवरून खाली यायला 10 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणाला स्थिर हवेतसुद्धा पाव तास लागतो आणि 1 मायक्रॉनच्या कणाला तब्बल 19-20 तास. म्हणजे मी सकाळी फळी पुसून अभिमानानं बघत असते, तेव्हा माझ्या डोक्यावर कालची धूळ अजून उतरतेच आहे. आणि स्थिर हवा आमच्याकडे कुठली? पंखा बंद केला की नवरा जागा होतो.

माझी पद्धतही चुकत होती. पंखा चालू, हातात कोरडं फडकं आणि फटाफट झटकणं. त्यानं धूळ जात नाही, फक्त जागा बदलते. आता पंखा बंद, जुन्या बनियनचं फडकं ओलं करून घट्ट पिळलेलं आणि सुरुवात वरच्या फळीपासून. झाडू त्याच्या नंतर. पुस्तकं पार भिंतीला टेकवून ठेवायची सवय होती, त्यामुळे पुढे चार बोटांची मोकळी पट्टी राहायची, धुळीसाठी राखून ठेवल्यासारखी. सगळी पुस्तकं कडेपर्यंत पुढे ओढली. पट्टीच उरली नाही. एवढ्या साध्या गोष्टीला मला सहा वर्षं लागली, हे जरा लाजिरवाणं आहे.

स्वयंपाकघरातल्या फळीची गोष्टच वेगळी. तिथली धूळ फोडणी खाऊन बसलेली असते. ओल्या फडक्याला दाद देत नाही. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मनगटातला जोर. तिच्यावर वर्तमानपत्र अंथरून दर महिन्याला बदलणं हाच त्यातल्या त्यात सुखाचा मार्ग.

सासूबाई लांज्याकडच्या. वाटेवरून एसटी गेली की दाराबाहेर वाळत घातलेले कपडे लाल, अशा घरातल्या. त्यांना म्हटलं, "आई, तुमच्याकडे तर भांड्यांची मांडणी उघडीच होती ना?"

"उघडीच गं. पण धूळ बसायला भांडं जागेवर तर राहायला हवं! खालच्या दोन फळ्या दिवसातून तीनदा रिकाम्या व्हायच्या."

"आणि वरची?"

"वरची सगळी पालथी. सणाला उतरायची."

पालथी! आमच्या फळीवरचे सहाही मग आ वासून वर बघत उभे होते. त्याच दिवशी पालथे घातले.

सतरा वस्तूंपैकी माझं खरं वैर मात्र एकाच वस्तूशी आहे. सावंतवाडीहून हौसेनं आणलेलं लाकडी सीताफळ. हुबेहूब आहे, तेच वाईट. प्रत्येक डोळ्याच्या भोवती एक बारीक खाच आणि प्रत्येक खाचेत धुळीची राखाडी रेघ. फडकं वरून फिरतं, आत जात नाही. मी ते मांडीवर घेऊन जुन्या टूथब्रशनं एकेक डोळा साफ करते; एका बैठकीत निम्मंच होतं. उचललं की खाली अक्रोडी सनमायक्यावर स्वच्छ, चकचकीत गोल. त्या फळीचा तेवढाच भाग अजून नवा आहे.

शेवटी सासूबाईंचंच सूत्र लावून पाहिलं. सीताफळ हॉलमधून उचललं आणि चहा-साखरेच्या डब्यांच्या पुढ्यात ठेवलं. आता चहा करायचा तर आधी सीताफळ बाजूला सरकवावं लागतं. घरात दिवसाला पाच-सहा वेळा चहा होतो, त्यामुळे त्याला निवांत बसायला मिळत नाही. तीन आठवडे झाले. राखाडी रेघा आल्या नाहीत. देठापाशी मात्र साखरेच्या बोटांचे ठसे आहेत, आणि कालपासून मुंग्या.