दसऱ्याच्या दिवशी बनवलेला काचेचा टॅब

२०१२ सालचा दसरा, २४ ऑक्टोबर, बुधवार. मी तेव्हा नाशिकला कॉलेज रोडवर एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काउंटरला होतो. टीव्ही, फ्रीज, मिक्सर सगळं होतं आणि पुढच्या बाजूला मोबाईल-टॅबचा काउंटर, तो माझ्याकडे. त्या एका दिवसात मी जे शिकलो त्यावर आजपर्यंत माझं दुकानदारीचं पोट चाललंय असं मी मानतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

झालं असं की आदल्या दिवशी खंडेनवमी. संध्याकाळी दुकानात पूजा झाली, रात्री घरी येऊन मोबाईलवर बातम्या बघत बसलो, कारण आपल्या साडेदहाला अॅपलचा कार्यक्रम सुरू होणार होता आणि छोटा आयपॅड येणार अशी हवा कितीतरी महिने होती. आला. आयपॅड मिनी, ७.९ इंची, वजन ३०८ ग्रॅम, जाडी ७.२ मिलिमीटर, किंमत ३२९ डॉलर. आणि त्याच रात्री मोठा आयपॅडसुद्धा नवीन काढला, चौथा, आधीचा येऊन सात महिने झाले होते फक्त. मला झोप येईना. कारण सकाळी दसरा, लोक येणार आणि विचारणार, आणि माझ्याकडे दाखवायला पीस नाही.

त्यात अजून एक भानगड होती. आमचे मालक, सगळे त्यांना भाऊ म्हणायचो, त्यांना दिवाळीची टॅबची ऑर्डर डिस्ट्रिब्युटरला दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत कळवायची होती, स्कीम तेवढ्या वेळापुरतीच होती. किती पीस सात इंची, किती दहा इंची. भाऊंचं मत पक्कं, मोठेच घ्यायचे. त्यांचं म्हणणं, गिऱ्हाईक इंचावर पैसे मोजतं, टीव्ही बघ ना, बत्तीसवाला चाळीसकडे बघतो, चाळीसवाला कधी बत्तीसकडे येत नाही. आणि दुसरं कारण त्यांना लागलेलं होतं. आदल्या वर्षी त्यांनी एका कंपनीचे स्वस्तातले सात इंची टॅब भरले होते. त्या टॅबचा टच दाबून लागायचा, म्हणजे बोट टेकवून काही व्हायचं नाही, नखानं दाबावं लागायचं. बरेचसे परत आले. तेव्हापासून भाऊंच्या डोक्यात सात इंच म्हणजे स्वस्त, स्वस्त म्हणजे परत, असं बसलं होतं. मी सांगायचो की भाऊ, दोष साइजचा नाही, टचस्क्रीनचा आहे, चांगल्या टचचा सात इंची वेगळा. पण ज्याचे पैसे अडकले त्याला हे पटवणं अवघड असतं आणि मी त्यांना दोष देत नाही.

आमच्याकडे टीव्हीचा काउंटर सांभाळणारा एक जण होता, त्याला गॅजेटच्या बातम्यांचा नाद. तो भाऊंच्या बाजूने होता. म्हणायचा, अॅपलच्या स्टीव्ह जॉब्सनेच २०१० मध्ये सांगितलंय की सात इंची टॅब चालणार नाही, स्क्रीन आयपॅडच्या ४५ टक्केच भरते, वापरायला लोकांना बोटं घासून बारीक करावी लागतील, सोबत सॅंडपेपर द्या. हे खरं आहे, जॉब्स तसं बोलले होते, आणि तो ४५ टक्क्यांचा हिशोब पण बरोबर होता. आपण कर्ण मोजतो ना, त्यामुळे दहाचं सात झालं तर वाटतं तीसच टक्के कमी, पण लांबी-रुंदी दोन्ही कमी होते, जागा निम्म्यावर येते. पण मी त्याला सांगितलं की ऑगस्टमध्ये सॅमसंगबरोबरच्या खटल्यात अॅपलच्याच एका बड्या अधिकाऱ्याची २०११ ची ईमेल बाहेर आली, त्यात त्याने लिहिलं होतं की सात इंची टॅबला मार्केट आहे आणि आपण एक काढायला पाहिजे. म्हणजे तिथे आतसुद्धा आमच्यासारखाच वाद चालला होता.

तर सकाळी आठला मी दुकानात. झेंडूचं तोरण लावायचं काम चाललं होतं. मला रात्रभर एकच सुचत होतं, की लोकांना तोंडी विचारून काही कळणार नाही, हातात काहीतरी द्यायला पाहिजे. शेजारी फोटोफ्रेमवाले काका होते, देवाच्या फोटोंमुळे त्यांचं दुकान लवकर उघडलेलं. त्यांना म्हणलं काका, दोन काचा कापून द्या, वीस सेंटिमीटर बाय साडेतेरा, दोन मिलीच्या. म्हणजे मिनीच्याच मापाच्या. त्यांनी कारण पण विचारलं नाही, सणाचा दिवस म्हणून पैसे पण घेतले नाहीत. दोन्ही काचा एकावर एक, वरून-खालून पुठ्ठा, कडेने काळी चिकटपट्टी दोन वेळा फिरवली कारण कुणाचा हात कापला तर सणाच्या दिवशी काय उत्तर देणार. वरती आयपॅडच्या स्क्रीनचा कलर प्रिंट बरोबर सोळा बाय बाराचा कापून चिकटवला. मग पलीकडच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवलं तर तीनशे तीसच्या वर. खालचा पुठ्ठा काढून पातळ कार्ड लावलं, ३१० भरलं. म्हणलं झालं. लगे हाथ मोठा आयपॅड पण त्याच काट्यावर ठेवला, ६५० च्या पुढे. किराणावाला म्हणाला, हा तर पाऊण किलोच्या घरात गेला की. माझ्या डोक्यात तोपर्यंत नुसते आकडे होते, त्याने किलोत सांगितल्यावर मला पहिल्यांदा ते वजन वाटलं.

भाऊंनी ते काचेचं बघितलं, काही बोलले नाहीत, एवढंच म्हणाले की गिऱ्हाईकाला खरा पीस आहे असं सांगू नकोस. मी प्रत्येकाला आधीच सांगत होतो की ही नुसती काच आहे, माप आणि वजन खरं.

दहानंतर गर्दी. पहिले जे आले ते एक एमआर, औषध कंपनीचे. त्यांना डॉक्टरांना दाखवायला टॅब पाहिजे होता. तोंडानं म्हणाले मोठाच दाखव. मी म्हणलं सर, तुम्ही जसे ओपीडीच्या बाहेर उभे असता तसे उभे राहा, खांद्यावर बॅग, आणि एका हातात हा धरा. राहिले. दोन मिनिटांत हात बदलला, परत बदलला, मग पोटाला टेकवला. मग काच दिली हातात. ती त्यांनी एका हातात धरली आणि बोलत राहिले, बोलता बोलता हात वर-खाली करायला लागले, म्हणजे विसरलेच की काही धरलंय. मला वाटलं जमलं. पण ते थांबले आणि म्हणाले, मला हाच आवडला पण बघणारा मी नाही ना, टेबलाच्या पलीकडे डॉक्टर बसलेत, त्यांना हे दिसणार का. आणि मोठाच घेऊन गेले. बरोबर केलं त्यांनी. माझा सकाळपासूनचा सगळा उत्साह छोट्याच्या बाजूने होता, तिथे मला कळलं की प्रश्न छोटा का मोठा असा नाहीच, कोण बघणार, कुठे उभं राहून वापरणार, तो आहे.

मग मी विचारायची पद्धतच बदलली. आधी किती इंची पाहिजे विचारायचो, ते बंद केलं. विचारायला लागलो, कुठे वापरणार? बसून की उभं? दुसऱ्या हातात काय असतं?

एक वडील आणि इंजिनिअरिंगचा मुलगा आले. मुलाला सात इंची पाहिजे होता, मित्राकडे होता म्हणून. मी विचारलं कशाला, तर नोट्सच्या पीडीएफ. मी त्याला ए-फोर कागदाची पीडीएफ सात इंचीवर उघडून दिली. कागद एकवीस सेंटिमीटर रुंद, आणि तो स्क्रीन उभा धरला तर जेमतेम नऊ. अक्षर निम्म्याहून बारीक. तो प्रत्येक ओळीला बोटांनी मोठं करायचा आणि डावीकडून उजवीकडे सरकवायचा, परत डावीकडे. चार ओळी वाचल्या आणि स्वतःच म्हणाला नको. मोठा घेतला.

दुपारी पिंपळगावकडचे एक द्राक्षबागायतदार आले, मोटरसायकलची डिलिव्हरी घ्यायला शहरात आलेले, जाता जाता आमच्याकडे. ऑक्टोबर छाटणीचे दिवस, म्हणजे बागेत रोज लक्ष, ढगाळ हवा आली की डाऊनीची, म्हणजे पानांवर डाग पाडणाऱ्या बुरशीची भीती. ते म्हणाले, पानाचा फोटो काढतो पण मोबाईलवर डाग दिसत नाही नीट, लॅपटॉप बागेत नेता येत नाही. मी त्यांच्या हातात सॅमसंगचा टॅब टू दिला, सात इंची, सिमवाला, ज्याच्यावरून फोन पण लागायचा. त्यांनी पहिलं काय केलं सांगू? स्क्रीन चालू पण नाही केली. सदऱ्याच्या बाजूच्या खिशात घातला. बसला. मग दोन पावलं चालून बघितलं, खाली वाकून बघितलं जसं वेलीखाली वाकतात तसं, आणि म्हणाले द्या. ३४५ ग्रॅमच्या आसपास वजन, जाडी साडेदहा मिली, ते आकडे मी सांगायच्या आधीच त्यांच्या खिशाने मोजून झाले होते. बिल करताना आपट्याचं पान दिलं मला, म्हणाले सोनं घ्या.

आणि मग त्या आजी. हे मला मुख्य सांगायचंय.

चारच्या सुमाराला एक सूनबाई आणि सासूबाई आल्या, मिक्सर घ्यायला. आजी सत्तरीच्या पुढच्या, एका हातात झेंडूच्या फुलांची पिशवी. सूनबाई मिक्सर बघत होत्या आणि आजी माझ्या काउंटरजवळ टेकल्या. त्यांच्या मुलाने ज्ञानेश्वरी वाचायला त्यांना टॅब घ्यायचा म्हणून ठेवलं होतं, आणि मुलाचं म्हणणं मोठा घेऊ, आईला कमी दिसतं. मला पण तेच वाटलं, माझ्याच काय, कुणाच्याही डोक्यात तेच येईल, म्हातारं माणूस म्हणजे मोठी स्क्रीन. मी मोठा आयपॅड त्यांच्या हातात दिला. त्यांनी फुलांची पिशवी खाली ठेवली, दोन्ही हातांनी धरला, थोडा वेळ बघितलं, छान आहे म्हणाल्या, आणि काउंटरवर ठेवून दिला. मनगट चोळलं जरासं. मी म्हणलं आजी, ही नुसती काच आहे बरं का, पण एवढाच आणि एवढ्याच वजनाचा येणार आहे. ती त्यांनी घेतली, डाव्या हातात, आणि उजव्या हाताने परत पिशवी उचलली.

मग इकडे गर्दी वाढली, मी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेलो. पाऊण तासाने बघतो तर मिक्सरचं बिल झालेलं, सूनबाई निघायच्या घाईत, आणि आजींच्या हातात ती काच अजून तशीच. पाऊण तास. मोठा त्यांनी दोन मिनिटांत ठेवला होता.

सूनबाई म्हणाल्या, आई पण ह्याच्यात अक्षर बारीक दिसेल. आजींनी मला विचारलं, बाळा, अक्षर मोठं करता येतं ना? मी म्हणलं हो, पाहिजे तेवढं. मग म्हणाल्या, आणि वजन कमी करता येतं का?

मला उत्तर सुचलं नाही. भाऊ मागे उभे होते, त्यांनी ऐकलं.

संध्याकाळी साडेसातला डिस्ट्रिब्युटरचा फोन. भाऊंनी सकाळी लिहून ठेवलेली चिठ्ठी खिशातून काढली, बघितली आणि फाडली. मला जवळ बोलावून म्हणाले, तू सांग. खरं सांगतो, मला सकाळी विचारलं असतं तर म्हणलो असतो सगळे सात इंची. पण एमआर आणि तो मुलगा डोळ्यासमोर होते. निम्मे-निम्मे म्हणलं, आणि सात इंचीतले सगळे सिमवाले, एकही दाबायच्या टचचा नाही. आणि थोडे पैसे मोकळे ठेवा, मिनी येईपर्यंत. त्यांनी तसंच केलं. धनत्रयोदशीला आमचे सात इंची आधी संपले.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. ज्याला खिशातच घालायचाय त्याचं काम पुढे फोननेच केलं. तेव्हाच सॅमसंगचा साडेपाच इंची फोन, नोट टू, आमच्या काउंटरला आला होता, लोक बघून म्हणायचे हा फोन आहे का पाटी, आणि नंतर सगळेच फोन तेवढे झाले नि त्याच्यापुढे गेले. स्वस्त सात इंची टॅब जवळजवळ नाहीसे झाले. पण वजनासाठी छोटा घेणारं गिऱ्हाईक गेलेलं नाही, मिनी आजही विकला जातो, आता ८.३ इंची आहे. माझ्या स्वतःच्या दुकानात मी आजही इंच शेवटी विचारतो.

आयपॅड मिनी आपल्याकडे डिसेंबरमध्ये आला, सोळा जीबी वायफाय २१,९०० ला. मी त्या आजींच्या घरी फोन केला. मुलगा, सूनबाई आणि आजी तिघं आले. मुलाने मोठ्या आयपॅडशेजारी ठेवून बघितलं आणि त्याचं म्हणणं योग्यच होतं, की मोठ्याची अक्षरं जास्त कोरीव दिसतात, कारण पहिल्या मिनीला १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचाच डिस्प्ले होता. तो आईला समजावत होता की वर्षभर थांबू, चांगल्या स्क्रीनचा येईल. मी ओवी उघडून अक्षर मोठं करून दिलं. आजींनी डाव्या हातात धरला आणि वाचायला लागल्या, ओठ हलत होते. सूनबाईंनी खुर्ची सरकवली तर त्यांनी मानेनंच नको म्हणलं आणि उभ्या उभ्या पान पुढे सरकवलं.